खजूर पिकताना आलेला भूकंप

खाणीवरून आल्यावर अप्पा पाणी मागायचे नाहीत, आईला हाक मारायचे. आई हातातलं काम टाकून यायची, त्यांची पापणी वर करायची आणि डोळ्यात गेलेली दगडाची कपची जिभेच्या शेंड्यानं अलगद काढायची. दवाखाना नऊ किलोमीटरवर होता, जीभ घरात होती. आम्ही वडार. साताऱ्याच्या आसपास जिथं खाण, तिथं आमचं घर. खाण संपली की पत्रे उतरवायचे, भांडी टेम्पोत टाकायची आणि पुढच्या खाणीवर जायचं. त्यामुळे चौथीपर्यंत माझ्या चार शाळा झाल्या. उन्हाळ्यात लोखंड इतकं तापायचं की आई पहारीला ओलं फडकं गुंडाळून धरायची. ती दगड फोडायची, मी खडी गोळा करायची, धाकटा भाऊ झोळीत झोपायचा. कुणाला कीव यावी म्हणून हे सांगत नाही. असं होतं, एवढंच.

बारावीनंतर मी भूगर्भशास्त्राला नाव घातलं तेव्हा मामा पोट धरून हसला. "दगड शिकायला कॉलेज? अगं सविता, घरात दोन प्रोफेसर हायत की, फुकटात शीक!"

मामा थट्टेनं बोलला, पण खरं बोलला. पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी टेबलावर दगडांचे नमुने मांडले. बाकीची मुलं भिंगातून बघत होती. मी एकेक दगड हातोडीनं टकटक वाजवला आणि सांगितलं, हा खडीचा, हा पाट्या-वरवंट्याचा, हा आतून चिरलाय, एका पावसाळ्यात फुटेल. सरांनी विचारलं, "आणि पुस्तकातलं नाव?" ते मला येत नव्हतं. ते मी पुढच्या पाच वर्षांत शिकले. बी.एस्सी., मग एम.एस्सी. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, दुसरीही माझीच.

हे सगळं आज आठवायचं कारण खजूर. परवा ऑफिसला जाताना बघितलं, मी नोकरी करते त्या अमिरातीतल्या फुजैराच्या रस्त्याकडेचे घोस पुन्हा पिवळे झालेत. पाखरांनी खाऊ नये म्हणून त्यांना जाळीच्या पिशव्या बांधल्यात. आता थोड्या दिवसांत एकेक फळ खालच्या टोकाकडून तपकिरी व्हायला लागेल, अर्धं कडक, अर्धं मऊ. इथले लोक त्याला रुतब म्हणतात आणि आपण आंब्याची वाट बघतो तशी त्याची वाट बघतात. मला मात्र त्या पिवळ्या रंगाबरोबर माझा इथला पहिला उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात माझ्या बॅगा निम्म्या भरलेल्याच होत्या. रिकाम्या करू का पुन्हा भरू, हेच ठरत नव्हतं.

इथला उन्हाळा साताऱ्याच्या उन्हाळ्यासारखा नाही. आपल्याकडचं ऊन अंगावर पडतं, इथलं अंगाला चिकटतं. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं. दोन मिनिटं आंधळ्यासारखं उभं राहायचं, मग रस्ता दिसायचा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं उकळतं की थंड पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. मग काय करायचं, तर गीझर बंद ठेवायचा. त्यातलं पाणी घराच्या आत असतं म्हणून कोमट राहतं. म्हणजे उन्हाळ्यात गरम नळ सोडायचा तो गार पाण्यासाठी. हे मला शेजारच्या वसईच्या ताईंनी शिकवलं तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "शिकल्याली माणसं उलटा नळ सोडत्यात व्हय?"

आणि डोंगर! फुजैराच्या पाठीशी उभे आहेत ते उघडेबोडके, काळपट-तपकिरी. गवताचं पातं नाही. बरोबरच्या मुली म्हणायच्या, किती भकास. मला ते बघून पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखं वाटलं. हा दगड एके काळी समुद्राच्या तळाखालचा. जमिनीनं तो उचलून उन्हात आणून ठेवलाय. मी व्हिडिओ कॉलवर अप्पांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खडीला बरा हाय. पाट्याला न्हाई चालायचा." दुसऱ्या आठवड्यात मी चौकशी केली. त्या डोंगरांतून खडीच जाते, ट्रकच्या ट्रक.

त्यांना मी हेही सांगितलं की इथं उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद असतं, कायदाच आहे. अप्पांना ते काही केल्या पटेना. "समदी बसत्यात? मुकादम बी?" मुकादम बी, म्हटलं.

माझी नोकरी जहाजांना समुद्राची खबर देणाऱ्या एका छोट्या कंपनीत. वादळ कुठं आहे, लाट किती उंच आहे, कुठल्या बेटाखाली जमीन हलली, हे आम्ही कप्तानांना कळवतो. खिडकीतून समोर तेल भरायला थांबलेली जहाजं दिसतात, कधी वीस, कधी पन्नास. भूकंपाच्या डेस्कवर तेव्हा दोनच माणसं. मी आणि माझे साहेब, लोपीस सर. वसईचे. उभी हयात जहाजावर काढून जमिनीवर आलेले. बोलणं चार भाषांत, आणि चारही एकाच वाक्यात. "यल्ला पोरी, चाय बादमें, पहिला तो कॅरिबियनवाला क्लोज कर," असं. यल्ला म्हणजे अरबीत चल.

पहिली चूक मी जूनमध्येच केली. खजूर हिरवे होते तेव्हा. पॅसिफिकमधल्या एका ज्वालामुखीच्या बेटाखाली भूकंप झाल्याचा संदेश आपोआप मोजणाऱ्या मशीनवरून आला. खोलीच्या रकान्यात लिहिलं होतं, दहा किलोमीटर. ज्वालामुखीखाली इतका उथळ धक्का म्हणजे आतला तप्त रस वर सरकत असू शकतो, आणि तशी शंका आली की जहाजानं लांबून जायचं, हा आमचा नियम. मी सूचना पाठवली. जहाज एक दिवस वळसा घालून गेलं. दुसऱ्या दिवशी नीट मोजणी आली. भूकंप खूप खोल होता, त्याचा ज्वालामुखीशी काडीचा संबंध नव्हता. कप्तानानं लिहिलं, "तुमचा हा दहा आकडा येतो कुठून, ते एकदा कळवावं."

लोपीस सरांनी मला समोर बसवलं. "पोरी, दहा हा आकडाच नाय. मशीनला खोली कळली नाय की ती दहा टाकते. दहा म्हणजे आय डोन्ट नो. हे तुला कोणी सांगितलं नव्हतं?"

नव्हतं सांगितलं. पण मला कळायला हवं होतं, मला तर सगळ्यांच्या आधी. कारण माझ्या पासपोर्टवर माझा जन्म एक जूनचा आहे. माझ्या भावाचाही एक जून. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा एक जून. आमच्या आयांना जन्म आठवायचा तो खाणीवरून, "मोठ्या इहिरीचं काम चालू हुतं तवा." मास्तरांच्या रजिस्टरला विहीर चालत नाही, तारीख लागते. मग मास्तर शाळा सुरू व्हायच्या बेतानं एक जून टाकायचे. महाराष्ट्रात अशी लाखो माणसं आहेत आणि एक जूनला आपण एकमेकांना हसत शुभेच्छा देतो. माहीत नसलेली जागा कोरी ठेवता येत नाही म्हणून कुणीतरी भरलेला आकडा कसा दिसतो, हे मी अंगावर वागवत होते. आणि तोच आकडा समोर आल्यावर मी त्याला खरा मानला. का, तर इंग्रजीत होता, आणि मशीननं टाकला होता.

सरांनी माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं. "तोपर्यंत तुझ्या रिपोर्टखाली सही माझी. अजून एक दहा झाला, तर मग मी काय करू शकणार नाय. एचआर व्हिसा कॅन्सल करेल. खरं सांगतो, राग मानू नको."

राग मानला नाही. बॅगा मात्र तशाच ठेवल्या.

मग जुलै गेला, ऑगस्ट आला. घोस पिवळ्याचे तपकिरी झाले. लोपीस सरांच्या अरबी मित्रानं रुतबची टोपली पाठवली, ती डेस्कवर दोन दिवस राहिली आणि कीबोर्ड चिकट झाला. मी रोज शिफ्ट संपल्यावर तासभर थांबायचे आणि जुन्या भूकंपांच्या रेघा काढून बघायचे. रेघा म्हणजे जगभरातल्या स्टेशनांवर जमीन हलल्याची नोंद. त्या सगळ्यांना बघायला मोकळ्या असतात. दहा लिहिलेला एकेक भूकंप घ्यायचा आणि तो खरा कुठं होता ते स्वतः मोजायचं. मशीननं माझी परीक्षा घ्यायच्या आधी मी मशीनची घेत होते म्हणा ना.

तो दिवस ऑगस्टच्या शेवटचा. इंडियन शाळा नुकत्या उघडल्या होत्या आणि लोपीस सर मुलीच्या शाळेतल्या मीटिंगसाठी ऊद मेथाला, म्हणजे दुबईला गेले होते. सकाळी साडेनऊला संदेश आला. उत्तर पॅसिफिकमधली अल्युशियन बेटं. ज्वालामुखींची लांबच लांब रांग, माणूस औषधाला सापडायचा नाही. लहान भूकंप. कुणाच्या घरातलं भांडं वाजलं नसेल, कारण घरच नाही. एरवी अशी नोंद दोन मिनिटांत मिटते. पण मशीननं एक नाही, दोन भूकंप टाकले होते. एकाच ज्वालामुखीखाली, एका मिनिटाच्या आत. दोन्हीच्या खोलीच्या रकान्यात दहा.

आणि आमचं एक जहाज त्याच बेटांच्या मधल्या वाटेवर होतं.

मी लोपीस सरांना फोन लावला. ते कुजबुजत बोलले. "पटकन बोल, प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर बसलोय."

मी सांगितलं.

"दोन धक्के? ज्वालामुखीखाली? मग विचार काय करते, पाठव सूचना. वळसा घालू दे."

"सर, वळसा म्हणजे दक्षिणेला. दक्षिणेला वादळ आहे. काल तुम्हीच काढलं होतं."

मागून त्यांच्या मुलीचा आवाज आला, "डॅड, दे आर कॉलिंग अस."

"वन मिनिट, बेटा. सविता, तुझ्याकडे अर्धा तास आहे. बघ. पण दहाच्या भानगडीत पडू नको."

दहाच्या भानगडीत मी पडणारच नव्हते. माझा डोळा त्या 'दोन'वर होता.

इथं मला खाणीतली एक रीत सांगायला हवी. सुरुंग उडवायच्या आधी भोकं मोजलेली असतात. पाच भोकं भरली तर पाच आवाज व्हायला हवेत. चारच झाले तर एक सुरुंग आत जिवंत आहे, आणि त्या दिवशी खाणीत कुणी उतरायचं नाही. हिशोब सोपा वाटतो. पण समोर डोंगर असला की तो एक आवाज परत पाठवतो. चार उडालेले असतात, पाच ऐकू येतात, आणि माणूस निर्धास्त उतरतो. माझे थोरले चुलते असेच उतरले होते.

म्हणून आमच्याकडे मोजायला दोघं उभी राहतात, लांब लांब. अप्पा खाणीच्या तोंडाशी आणि आई पार ओढ्यापलीकडे. आवाज झाले की दोघं आपापल्या बोटांवर त्यांच्यातली अंतरं धरतात आणि मग जवळ येऊन ताडून बघतात. खऱ्या दोन सुरुंगांमधलं अंतर अप्पांना जेवढं, तेवढंच आईला. पण डोंगराचा आवाज फसवा. तो कुठं उभं राहून ऐकता त्यावर अंतर बदलतं. दोघांची बोटं जुळली नाहीत की अप्पा म्हणायचे, "ह्यो डोंगराचा. सोडून द्या." ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही. कॉलेजात तिसऱ्या वर्षी सरांनी खोल भूकंपाच्या प्रतिध्वनीचं गणित फळ्यावर मांडलं, तेव्हा मी मागच्या बाकावर बसून मनात म्हटलं होतं, हे तर आईचं आणि अप्पांचं.

भूकंप खोल असला की त्याची एक लाट सरळ आपल्याकडे येते, आणि दुसरी आधी वर जाते, जमिनीच्या पाठीवर आपटते, परत फिरते आणि उशिरा पोचते. धक्का एकच, नोंदी दोन. मशीन दोन भूकंप म्हणते.

मी सहा स्टेशनं काढली. एक जवळचं, एक पार पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूकडचं, बाकीची मधली. आणि प्रत्येकावर पहिल्या आणि दुसऱ्या हिसक्यातले सेकंद मोजले. भूकंप खरंच दोन असते तर सगळीकडे अंतर सारखं आलं असतं. जवळच्या स्टेशनवर आले छत्तीस. पुढच्यावर सदतीस. मग अडतीस, एकोणचाळीस, आणखी लांब गेल्यावर चाळीस, आणि सगळ्यात लांबच्यावर एकेचाळीस.

बोटं जुळत नव्हती.

मी पुन्हा मोजलं, कारण जूनमध्ये एकदाच बघून पाठवलं होतं. पुन्हा तेच आलं. डोकं अगदी स्वच्छ होतं. एवढं स्वच्छ ते परीक्षेच्या हॉलमध्येही कधी नव्हतं. फोन लावला.

"सर, धक्का एकच आहे. दुसरा त्याचा प्रतिध्वनी. भूकंप खूप खोल आहे, दीडशे किलोमीटरच्या पुढे. ज्वालामुखीशी संबंध नाही."

"किती स्टेशनं?"

"सहा."

"अंतर वाढतंय?"

"सरळ वाढतंय. छत्तीस ते एकेचाळीस."

"मनाला काय वाटतं?"

"मनाचं विचारू नका सर. मोजलंय. दोनदा."

पलीकडे शाळेची घंटा वाजली, पोरांचा गलका झाला. मग ते म्हणाले, "ठीक आहे. पाठव. सही तुझी कर."

"सर, माझं प्रोबेशन..."

"रेघा मी बघितल्या काय? मी इथं फीचे फॉर्म बघतोय. बघितलं तू, सही तुझी. जहाजावर पण असंच असतं पोरी, ज्याच्या डोळ्याला दुर्बीण तो बोलणार. खलास."

मी लिहिलं: भूकंप एकच, खोल. ज्वालामुखीच्या हालचालीचं चिन्ह नाही. मार्ग बदलण्याची गरज नाही. खाली माझं नाव. पाठवायचं बटण दाबलं तेव्हा दहाला दोन मिनिटं कमी होती.

त्यानंतरचं थांबणं मला अजून आठवतं. आंतरराष्ट्रीय केंद्राची तपासलेली मोजणी यायला काही तास लागतात. मी दोन चहा प्यायले. जेवणाच्या सुट्टीत खाली गेले. समोरच्या बांधकामावरची माणसं कायद्याप्रमाणे सावलीत आडवी झाली होती, हेल्मेटं उशाला. एकाचा मोबाइल छातीवर, त्यात कुठल्याशा गावची लग्नाची वाजंत्री. माझा चष्मा धुक्यानं भरला आणि तो पुसता पुसता मी अप्पांना फोन केला. काय झालं ते सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "अप्पा, सुरुंग मोजताना तुम्ही कधी चुकलात?"

"चुकलो असतो तर तू फोन कुणाला केला असतास?"

"पण शंका तर येत असेल ना?"

"येती की. म्हणून तर तुझ्या आईला वढ्यापल्याड हुबी करायचो. दोगांचं मोजून झालं, की मग शंका न्हाई. मग खाली उतरायचं. मोजून बी शंका धरली तर मानसानं दगड फोडायचाच कवा?"

मागून आई ओरडली, "तिला इचारा, जेवली का!"

जेवले नव्हते. मग जेवले.

आता इतक्या उन्हाळ्यांनंतर त्या सकाळकडे बघते तेव्हा एक गोष्ट जाणवते. त्या भूकंपानं काहीच केलं नाही. भिंत पडली नाही, लाट उठली नाही, बातमी आली नाही. निर्मनुष्य बेटांच्या खाली, दीडशे किलोमीटर आत, पृथ्वीनं कूस बदलली आणि तो आवाज सगळ्या पृथ्वीतून फिरून फुजैरात माझ्या स्क्रीनवर आला. मोठा भूकंप कुणालाही ऐकू येतो, त्याला शिकलेलं माणूस लागत नाही. लहान, खोल, लांबच्या भूकंपाला कुणीतरी बसून ऐकावं लागतं. मी मात्र आता कुठलाही रकाना वाचताना आधी विचारते, हा आकडा कुणी मोजला, का नुसता भरला? डेस्कवर नव्यानं आलेल्या मुलामुलींनाही पहिल्या दिवशी हेच विचारायला शिकवते. त्यांना वाटतं मी खडूस आहे. असू दे.

त्या दिवशी अडीचला मोजणी आली. भूकंप एक. खोली एकशे सत्तावन्न किलोमीटर. दुसरी नोंद यादीतून काढलेली.

लोपीस सर चारला दुबईहून परतले. ऑफिसात येऊन त्यांनी आधी एसी वाढवला, मग माझ्या स्क्रीनपुढं उभं राहून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. "एकशे सत्तावन्न," ते म्हणाले. "तू काय बोलली होती?"

"दीडशेच्या पुढे."

"सात किलोमीटर कुठं गेले मग?" आणि स्वतःच इतके हसले की पँट्रीतली माणसं बघायला आली.

कप्तानाचं उत्तर संध्याकाळी आलं. मिळालं, आहे त्याच मार्गावर आहोत, समुद्र शांत. तीन वाक्यं. मी ती छापून घेतली आणि घरी जाऊन दोन्ही बॅगा रिकाम्या केल्या. कपडे कपाटात लावले.

सप्टेंबरअखेर मी कायम झाले. आज या डेस्कवर आम्ही पाच जण आहोत आणि जगातल्या कुठल्याही समुद्रात आमचं जहाज असो, त्याला भूकंपाची जी सूचना जाते तिच्याखाली शेवटची सही माझी असते.